सीटखालचा पत्रा

"मेकॅनिककडे कशाला, मी करतो की." एवढं एक वाक्य मी त्या दिवशी गिळलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

विषय होता मोटारसायकलच्या सीटचा. ही मोटारसायकल माझ्या बायकोपेक्षा चार वर्षांनी मोठी, मूळची माझ्या सासऱ्यांची. सासऱ्यांनी चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ केले. कसलाही चेपलेला दरवाजा त्यांच्या हातोडीखालून नव्यासारखा बाहेर यायचा. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एके दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली, मोटारसायकल लेकीला दिली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्याला आठ महिने झाले होते. बोलणं जवळजवळ बंद. जेवलात का? हं. झोप लागली? हं.

मोटारसायकल बायको चालवते, मी मागे बसतो. (मलाही येते चालवायला. पण मी मागेच शोभतो, असं सगळ्यांचं मत आहे.) एकदा खड्ड्यातून जाताना माझ्याखाली कट्कन आवाज झाला. घरी येऊन सीट काढली, तर ज्यावर फोम आणि कव्हर बसवतात तो खालचा लोखंडी पत्रा गंजून वीतभर फाटला होता.

"मी उद्यापासून दोन दिवस ट्रेनिंगला आहे. तेवढ्यात मेकॅनिककडे टाक," बायको म्हणाली. "आणि बाबांना कळू देऊ नकोस. त्यांचा जीव आहे त्या गाडीत."

त्यावर मी ते वाक्य बोललो.

दुकानदाराने मला फायबरचं कापड, ते चिकटवायला रेझिनचा डबा आणि रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली दिली. "दहाच थेंब घाला. आणि खाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर जिथे ठेवाल तिथेच चिकटेल," तो म्हणाला. मी मान डोलावली. (न ऐकता मान डोलवायची सवय मला ऑफिसात लागली आहे.)

फाटलेल्या जागी कापड चिकटवायचं, वर रेझिन फासायचं, एवढंच काम. आकार बिघडू नये म्हणून मी पत्रा मोटारसायकलवरच ठेवला, खाली वर्तमानपत्र घातलं आणि जरा मजबूत व्हावं म्हणून अर्धी बाटली हार्डनर ओतलं. डबा तापला. मग त्यातून धूर निघाला. घाबरून मी होतं तेवढं सगळं भराभर फासून टाकलं.

अर्ध्या तासाने पत्रा उचलायला गेलो, तर त्याच्याबरोबर अख्खी मोटारसायकल यायला निघाली. स्क्रू-ड्रायव्हर घालून हातोडी मारली. पत्र्याचे दोन तुकडे झाले. एक माझ्या हातात आला, दुसरा जागेवरून हलला नाही.

बायको परत आली, गाडीपाशी उभी राहिली.

"हे काय आहे?"

"दुरुस्ती."

ती वाकली. रेझिनमध्ये वर्तमानपत्राचा एक कोपरा जाम झाला होता. "'हाती घेतलेल्या कामात यश मिळेल,'" तिने वाचलं. "तुझी रास नाही ना ही?"

मी हसलो. ती हसली नाही, पायरीवर जाऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. ती चिडली असती तर मला सोसलं असतं. शेवटी तिनेच बाबांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सासू-सासरे हजर. सासऱ्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"कोणी केलं?"

"मी."

"एकट्याने?"

"हो."

"एका माणसाचं काम वाटत नाही."

आठ महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य. बायकोने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पिशवीतून हत्यारांची पेटी काढत होत्या. त्यांनी ती कोणी न सांगताच आणली होती.

सासऱ्यांनी पातळ पातं घालून, रंगाला ओरखडा न येऊ देता तो तुकडा सोडवला. दोन्ही तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून माप काढलं, नवा पत्रा कापला, वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकायला घेतला. चौथा घाव तिरका गेला, पाचवाही. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. ते उठून पुन्हा खिडकीपाशी जाणार, असं मला वाटलं.

"बाबा, पत्रा मी धरतो," मी म्हणालो. "तुम्ही दोन्ही हातांनी ठोका."

(हातोडी थरथरणारी होती आणि बोटं माझी होती, हा विचार मला नंतर सुचला.)

मग त्यांनी हातोडी दोन्ही हातांत घेतली.

"सरळ धरा, जावईबापू."

धरला.

"सरळ म्हटलं ना. अरे सरळ. आयुष्यात कधी काही सरळ धरलंयस का?"

दुपारपर्यंत मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो आणि संध्याकाळपर्यंत 'तू'चा 'गाढव'. सासूबाई चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "आठ महिन्यांनी ओरडताहेत. किती बरं वाटतंय ऐकायला."

मी बऱ्याच जणांची बोलणी खाल्ली आहेत, पण एवढी गोड कधीच लागली नव्हती. अंगठ्यावर दोन घाव बसले, तेही गोडच मानून घेतले.

दुसऱ्या दिवशी रिव्हेट मारून झाले, फोम चढला, कव्हर ताणलं. बायकोने बाबांना मागे बसवून एक लांब फेरी मारून आणली. उतरल्यावर त्यांनी सीटवर थाप मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पकड चांगली आहे तुझी."

आपल्या घरी परतल्यावर ते खिडकीपाशी बसेनात. शेजाऱ्यांच्या फाटकाची कडी, कोणाची तरी सायकल, काही ना काही ठोकत असतात, असं बायको सांगायची. सांगताना माझ्या दुखऱ्या अंगठ्याला स्वतः मलम लावायची. बघा, आपल्या हातून एखाद्याचं भलं व्हावं, याहून माणसाला आणखी काय हवं?

महिन्याभराने सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, शेजाऱ्यांची कामं संपली हो. हे पुन्हा गप्प गप्प असतात. रविवारी येऊन आमचं लोखंडी कपाट दुरुस्त करून देता का?"

आजवर कोणी मला काही दुरुस्त करायला आपणहून बोलावलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. "येतो की, आई. काय बिघडलंय कपाटाचं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "अगदी नीट आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावतेय."