नानांनी घेतलेलं माप

आमच्या ऑफिसातले नाना समोर आले की तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, कोपराकडे बघतात. मग टेबलाकडे. मग मान हलवतात.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात नाना स्टोअर सांभाळतात, मी बिलं करते. दिवाळीनंतर ते बायकोला, म्हणजे अक्कांना, फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले आणि आमचे मास्तर होऊन परत आले. माझ्या कॉम्प्युटरखाली विटा आल्या. कुणी वाकून बसलं की मागून आवाज, "मान गयी ते बठ्ठं गयं!" म्हणजे मान गेली की सगळंच गेलं. साहेबसुद्धा दचकून सरळ होतात.

इथवर ठीक होतं. पण एक दिवस नाना टेप घेऊन आले.

"उज्ज्वलाताई, उभ्या राहा. मांडा करा."

"पुरणाचा मांडा? इथे?"

"हवेत करा हो."

प्रिंटरशेजारी उभी राहून मी बावळटासारखा हवेतला मांडा हातांवर फिरवला. नानांनी जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं आणि चालते झाले. पुढच्या आठवड्यात परत हजर. या वेळी चप्पल काढायला लावली. ऑफिसात कुजबुज. रागवावं की हसावं, मला काही कळेना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी घरी बोलावलं तेव्हा उलगडा झाला. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मांडे करायला अक्काच लागायच्या. चुलीपुढे बसून बसून कंबर गेली, मांडे सुटले, आणि अक्कांनी घराबाहेर पडणंच सोडलं. ओटा बांधू म्हटलं तर "उभं राहीसन मांडा होस का?" माप घेऊ देईनात. माझी उंची बरोब्बर त्यांच्याएवढी, म्हणून मी.

ओटा झाला होता झकास, अगदी माझ्या कोपराला. त्यावर शेगडी आली, शेगडीवर मांडे भाजायचं पालथं मातीचं खापर, आणि ते थेट अक्कांच्या छातीशी! खापराची उंची नाना धरायलाच विसरले होते.

नानांचा चेहरा एवढासा झाला. "ओटा फोडतो," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हाईच का तुमनं माप?" म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग आपला बसायचा पाट ओढून त्यावर उभ्या राहिल्या. गोळा हातांवर पसरत पसरत कोपरापर्यंत गेला आणि अलगद खापरावर पडला.

नाना मागे दोन्ही हात पसरून उभे, तोल गेला तर धरायला.

"नाना, मांडा जळतोय," मी म्हटलं.

दोघांनाही ऐकू आलं नाही.