ताटीआडची स्कूटर

स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. नंबर लागला तेव्हा डोक्यावरचे निम्मे केस गेले होते. इतकी वर्षं थांबलेला माणूस आणखी चार दिवस थांबला असता. पण मी ठरवलं, गाडी येईपर्यंत किक मारायचा सराव करून ठेवावा. गाडीवर पहिली फेरी माझीच, असं ऑफिसभर सांगून बसलो होतो ना.

घरापुढच्या ओट्यावर उभा राहून मी हवेत जोरदार किक मारली. हवेनं काही अडवलं नाही, थेट खाली अंगणात पडलो. (मोडला तो उजवा पाय. म्हणजे किकचाच.)

डॉक्टर म्हणाले, "दीड महिना प्लास्टर. धीर धरा."

आई म्हणाली, "धीर धर गा."

शामला, म्हणजे आमची ही, अंगणात जाऊन उभी राहिली. ती ओट्याची उंची पाहत होती.

स्कूटर आली आणि अंगणात उभी राहिली. मी आत खाटेवर. मधल्या खिडकीला वाळ्याची ताटी, कारण नागपूरचा मे महिना. ताटीवर पाणी मारलं की खोली गार होते, पण बाहेरचं काही दिसत नाही. नवं इंजिन जाम होईल या काळजीनं मी शामलाला म्हटलं, "रोज सकाळी नुसती चालू करत जा वं. स्टँडवरच. पहिली फेरी मात्र माही."

"बरं," ती म्हणाली.

मग क्लच, गिअर, ब्रेक, सगळं मी खाटेवरून शिकवलं. (साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून जेवढं दिसलं तेवढंच मला ठाऊक होतं.)

"स्टँडवरच्या गाडीले गिअर कायले?" आईनं विचारलं.

"माहीत असलेलं बरं," शामला म्हणाली.

रोज ताटीआडून इंजिनाचा आवाज येई आणि मला बरं वाटे. एके दिवशी तो आवाज बारीक होत होत नाहीसाच झाला.

"आवाज दूर काहून गेला वं?" ती आत आल्यावर मी विचारलं.

"ताटी ओली आहे नं. आवाज दाबते."

मला पटलं. पण पुढे घरात कॉटन मार्केटची ताजी वांगी येऊ लागली. गुडघ्यांमुळे कोपऱ्यापर्यंत न जाणारी आई दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीचा प्रसाद आणू लागली. "तुह्या पायासाठी," म्हणायची. ते ठीक, पण आई जाते कशी? सायकलरिक्षाची घंटी तर कधी ऐकू येत नव्हती. पडून राहिलेल्या माणसाला दुसरा उद्योग काय? मी दिवसभर तोच विचार करू लागलो. प्लास्टरमधली खाजसुद्धा विसरलो.

खाजेसाठी झाडूची काडी उशाशी असायची. एका मंगळवारी तीच ताटीत खुपसून भोक पाडलं आणि डोळा लावला. पदर खोचलेली शामला स्कूटरवर. मागे आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर दुर्वांची पिशवी. गाडी फाटकातून अलगद वळली. मला भयंकर राग आला. आणि खरं सांगतो, वळण छान घेतलं याचं कौतुकही वाटलं.

परतल्यावर मी म्हटलं, "पहिली फेरी माही ठरली होती नं?"

"तुमच्याचसाठी गेली होती पहिल्यांदा," शामला म्हणाली. "दुखण्याच्या गोळ्या संपल्या होत्या. तुम्ही कण्हून राहिले होते आन् रिक्षा भेटे ना."

मी ताटीतली काडी काढली आणि प्लास्टरमध्ये खाजवू लागलो.

यथावकाश प्लास्टर निघालं, पायात जोर आला, डॉक्टरांनी परवानगी दिली. मी इस्त्रीचे कपडे घालून, डबा अडकवून अंगणात आलो. किक मारली. पुन्हा मारली. घाम फुटेपर्यंत मारली. शामला आली, वाकली, सीटखाली काहीतरी फिरवलं आणि एका किकेत गाडी सुरू केली.

"पेट्रोलचा कॉक बंद होता," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलाच नव्हता."

शिकवायला तो मला माहीत हवा ना. मी गुपचूप मागच्या सीटकडे वळलो, तर तिथे आई बसलेली. मांडीवर दुर्वांची पिशवी.

"आज मंगळवार आहे गा," ती म्हणाली. "मले टेकडीवर सोडून येऊ दे तिले. मग तुहा नंबर."

गाडी अलगद वळून गेली. मी डबा घेऊन फाटकाशी नंबर लावून उभा राहिलो.