बेलफोर्टने माझे इशारे कसे फोडले

माझे इशारे फोडणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी गेल्या नोव्हेंबरपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

पेनसिल्व्हेनियातल्या मिलरन गावच्या हायस्कुलात मी, स्टॅन वास्को, फुटबॉलचा दुय्यम प्रशिक्षक. आमचा फुटबॉल म्हणजे लांबोडका चेंडू काखेत मारून पळायचं, नाहीतर तो लांब फेकायचा, म्हणजे पास. यातलं काय करायचं ते मी मैदानाच्या कडेला उभा राहून आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे खेळी चालवणाऱ्या टॉड सिम्कोला, हातवाऱ्यांनी कळवतो. कान धरणं, कोपर चोळणं, टोपी मागे सारणं, मांडीवर थाप. यातलं एकच खरं, बाकी सगळी धूळफेक. आणि खरं कुठलं, तेही खेळाच्या मध्ये बदलत जायचं! ही पद्धत बसवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. टॉडही तसा तरबेज. समोरच्या बचावफळीवर एक नजर टाकली की कोण पुढे घुसणार आणि कोण मागे सरकणार हे तो ओळखायचा, सुनेच्या भांडी ठेवण्यावरून सासूने तिचा राग ओळखावा तसं.

मुख्य प्रशिक्षक लू मस्कारो निवृत्त होणार होता. शाळा मंडळाचे अध्यक्ष युजीन पाव्हलिक यांनी चर्चच्या बिंगोत मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, शेजारच्या बेलफोर्टच्या संघाला हरव, लूची जागा तुझी. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडली तरी दुय्यमच राहिलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी तर मुख्य प्रशिक्षकाच्या नव्या जाकिटाचं मापही देऊन आलो.

शुक्रवारी संध्याकाळी खेळ सुरू झाला आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. आम्ही पळायचं ठरवलं की बेलफोर्टची पोरं पुढे तुटून पडायची. पास ठरवला की टॉडच्या हातात चेंडू येण्याआधीच त्यांची मागची फळी आणखी मागे सरकलेली असायची. टॉड वैतागून कडेला आला.

"कोच, मी त्यांचा डाव ओळखायचा की त्यांनी माझा?"

मी लूला सांगितलं, आपले इशारे चोरीला गेलेत. लू सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणाला, चोर दाखव.

चोर मला लगेच दिसला. बेलफोर्टच्या प्रेक्षकांच्या बाकांवर, अगदी वरच्या रांगेत, टोपी भुवयांपर्यंत ओढून एक माणूस बसला होता. डोळ्याला दुर्बीण, आणि दुर्बीण थेट माझ्यावर! मी गेटवरच्या पोलिसाला गाठलं आणि त्या माणसाला उठवायला लावलं. पोलिसाने त्याला सगळ्यांदेखत दंडाला धरून खाली आणलं. टोपी काढली तर आत युजीन पाव्हलिक.

"नेमणूक करायची तर माणूस नीट बघायला नको?" ते म्हणाले. "तुझं तोंड त्या बाजूने दिसतं, म्हणून तिथे बसलो होतो."

मी पुष्कळ माफी मागितली. ते वर जाऊन बसले, आणि पुन्हा दुर्बीण लावली.

मध्यंतरात माझी बायको मार्लीन कुंपणापाशी कॉफी घेऊन आली. मी तिच्यापाशी बेलफोर्टच्या नावाने बोटं मोडायला लागलो. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"स्टॅन, प्रत्येक पासच्या आधी तू क्रूसाची खूण करतोस. पळायचं असेल तेव्हा कधीच करत नाहीस."

मी आठवून पाहिलं. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा. खरंच की. चेंडू हवेत जायचा म्हटलं की माझा जीव टांगणीला लागतो आणि हात आपोआप वर जातो.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तोच इशारा आहे."

आता कुणाही शहाण्या माणसाने तिथेच हात आवरला असता. पण मला वाटलं, हा तर हुकमी पत्ता हातात आला. मी तसंच चालू ठेवलं, पासच्या आधी क्रूस, पळताना काही नाही. बेलफोर्टला पक्की खात्री पटू दिली. आमची पोरं जीव तोडून खेळली आणि शेवटी आम्ही चारच गुणांनी मागे राहिलो. गोलरेषा चार पावलांवर, वेळ एकाच खेळीपुरता. चेंडू रेषेपार गेला की सहा गुण, सामना आमचा, आणि लूची जागा माझी.

मी कोपर चोळलं, टोपी मागे सारली. इशारा पळायचा. आणि वर, फादरांनासुद्धा लाज वाटावी इतका मोठा क्रूस काढला.

बेलफोर्टची अख्खी फळी मागे सरकली. मधे एवढी वाट मोकळी झाली की लू बिया चघळायचा थांबला. टॉडने एकदा समोर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, चेंडू घेतला आणि नेमका त्या मागे सरकलेल्या गर्दीत फेकला. तो त्यांनी आरामात झेलला आणि सामना आमच्या हातून गेला.

मी मैदानात धावलो. "अरे, मी पळायला सांगितलं होतं! समोर मोकळी वाट दिसली नाही का तुला?"

"दिसली ना, कोच. पण तुम्ही क्रूस काढलात." टॉडने शिरस्त्राण काढलं. बिचाऱ्याचा चेहरा रडवेला झाला होता. "कोपर आणि टोपीचं आम्हाला कुणालाच ऑगस्टात सराव सुरू झाल्यापासून काही कळलेलं नाही. विचारायची भीती वाटायची. आम्ही सगळे क्रूसच बघतो."

वरच्या रांगेतली दुर्बीण खाली झाली.

लूच्या जागी मंडळाने आता एक मेथडिस्ट पंथाचा माणूस आणलाय. त्यांच्यात क्रूसाची खूण करत नाहीत. पाव्हलिक म्हणाले, नेमणुकीआधी तेवढं एकच विचारून घेतलं.