अठरा वर्षांपुढील मुलामुलींच्या पालकांसाठी

हँडबिलात तो एक शब्द लिहायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तसा काही मोठा निर्णय नव्हे. (आमच्याकडं मोठे निर्णय माझी बायको वच्छला घेते.)

आमचा एकनाथ, म्हणजे नाथा, पंचवीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. अठरा पूर्ण झाल्यावर विशेष शाळेनं गळ्यात हार घालून त्याला निरोप दिला, तेव्हापासून तो घरीच. मोठ्या मुलांना दिवसभर जाता येईल, काही काम शिकता येईल असं केंद्र मला तरी कुठं सापडलं नाही. माझं वय सत्तावन्न, बीपीची गोळी चालू. आपल्यामागं ह्याचं कसं होणार, हाच विचार रोज सकाळी दाढी करताना येतो आणि मी गाल कापून घेतो.

शेवटी केंद्राची मागणी घेऊन एका कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "एकट्याच्या अर्जानं काय होतंय? पंचवीस पालकांच्या सह्या आणा. सोमवारी फाईल वर जाते, त्याच्या आत." मी स्वतः तेहतीस वर्षं सरकारी कारकून. असली अट ऐकली की मला उलट धीर येतो.

मोहिमेत माणसं दोन. एक मी आणि दुसऱ्या फहमिदा आपा, छावणी भागात राहणाऱ्या. त्यांची रईसा बत्तीस वर्षांची, नाथाच्याच शाळेतली. आपांनी फोन करकरून दहा घरं जमवली. बाकीची मी रविवारच्या पेपरात हँडबिल टाकून जमवणार होतो. मेळावा सकाळी अकराला, आमच्याच गच्चीवर.

पण पेपर तर अख्खी कॉलनी वाचते. 'ऑटिझम' आणि त्याखाली माझं नाव-पत्ता? (नाथा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो, असं मी शेजाऱ्यांना सात वर्षं सांगत आलोय. कुठल्या परीक्षेचा, हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं.) तेव्हा मी मोघम मजकूर केला : 'अठरा वर्षांपुढील मुलामुलींच्या पालकांचा मेळावा. पाल्याची माहिती व फोटो सोबत आणावा. संकोच करू नये.'

रविवारी अकराला गच्चीवर पन्नास माणसं! खुर्च्या वीस. जिन्यात रांग. नाथा गोंगाटाला कंटाळून कानांवर हात ठेवून टाकीच्या आडोशाला जाऊन बसला.

"बघ," मी वच्छलाला म्हणालो, "एका हँडबिलात केवढी जागृती!"

"अहो, पण ह्या बायका पैठण्या नेसून कशाला आल्यात?"

"उत्साह असतो एकेकाचा."

एवढ्यात फेटेवाले एक गृहस्थ माझा हात धरून कोपऱ्यात घेऊन गेले. "मी आप्पासाहेब, वैजापूरचा. भाचीसाठी आलोय. तुमचा मुलगा काय करतो?"

"घरीच असतो."

"म्हंजे घरचं बघतो. व्यसन?"

"छे! दूधसुद्धा ठरलेल्या पेल्यातच पितो."

"भांडणतंटा?"

"तो लोकांत फार मिसळतच नाही."

"खोटं बोलतो का?"

"त्याला जमतच नाही." (मला जमतं.)

"अहो, लई गुणाचं पोरगं! आणा पत्रिका."

"पत्रिका? डॉक्टरांचा रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट मागनं बघू. आधी मंगळ हाय का सांगा."

वळून बघितलं तर प्रत्येकाच्या मांडीवर बायोडाटा, वर गणपती, खाली स्टुडिओतला फोटो. तेवढ्यात फहमिदा आपा हँडबिल नाचवत आल्या.

"भाईसाब, ये क्या लिखे तुम? लोगां शादियां जमाने कू आये! बीमारी का, ऑटिझम का, कायकाच नाम नई!"

"जागा पुरली नाही, आपा."

"आधा कागज कोरा है!"

मी वच्छलाकडं बघितलं. तिनं पोह्यांची परात खाली ठेवली. "आता तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

मी स्टुलावर चढलो. 'बंधुभगिनींनो' तीनदा म्हणून झालं. पहिल्याच रांगेत शेजारचे बद्रीनाथ. "हा लग्नाचा मेळावा नाही," मी म्हणालो. "माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तो कुठल्याही परीक्षेचा अभ्यास करत नाही. आम्ही गेल्यावर त्यानं कुठं जायचं, हे मला माहीत नाही. मला फार भीती वाटते."

मग पैठण्या उठायला लागल्या. पोहे खाऊन, पण उठल्या. आप्पासाहेब मात्र बसूनच राहिले.

"माझा थोरला असाच हाय," ते हळूच म्हणाले. "एकतीसचा. पाव्हणे आले की त्याला मागल्या खोलीत बसवतो. आज भाचीचा फोटो आणला, त्याचा नाय आणला." त्यांनी डोळे पुसले. "कुठं सही करायची?"

त्यांच्या मागं आपांची दहा घरं होतीच, शिवाय आणखी काही जण आले. कुणाची मुलगी, कुणाचा पुतण्या. एक बाई तर जिना उतरून गेल्या होत्या, त्या परत वर आल्या. मला भडभडून आलं आणि मी ते लपवलं नाही.

गच्ची रिकामी झाल्यावर मी सह्या मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीसच! एका सहीवाचून सोमवार हुकणार. मी तसाच अनवाणी खाली धावलो आणि निघालेल्या एका गृहस्थांची स्कूटर धरली.

"तुमच्या घरी कुणी आहे का हो असं?"

"माझ्या घरी लग्नाची मुलगी आहे! सोडा गाडी!"

धापा टाकत परत वर आलो. आपा कपाळाला हात लावून बसल्या होत्या. गोंगाट थांबला म्हणून नाथा टाकीमागून बाहेर आला होता आणि कागदावरून बोट फिरवत होता.

"आईची आहे," तो म्हणाला. "आपांची आहे. आप्पासाहेबांची आहे. बाबांची नाही."

वच्छलानं माझ्या हातात पेन दिलं.

'अर्जदाराची सही नाही, सबब अर्ज परत' हा शेरा मारायला आमच्या ऑफिसात खास रबरी शिक्का आहे. तो मीच करवून घेतलाय.