न पडलेली गाडी

"एक जरी ओरखडा दिसला तरी गाडी विकायची," बायको म्हणाली. "आणि तेव्हा मग 'अगं, ऐक तरी' वगैरे चालणार नाही."

पॅकिंगप्रमुखांनी मान डोलावली. दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतंच. बायको हाडांच्या दवाखान्यात मुख्य नर्स होती आणि मोटरसायकलवाल्यांबद्दलची तिची मतं ठाम होती, कारण तिला ते सगळे आडवेच भेटायचे. गाडीला ओरखडा म्हणजे माणूस पडला, आणि आज थोडक्यात वाचला तो पुढच्या खेपेला तिच्या वॉर्डात. हा क्रम ती बावीस वर्षं बघत आली होती.

इकडे पॅकिंगप्रमुखांचा जीव त्या गाडीत अडकला होता. पंचेचाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतं म्हणतात, ते त्यांना लाल मोटरसायकलीच्या रूपाने झालं. शर्यतीचा ट्रॅक महिन्यातून एका रविवारी तुमच्याआमच्यासारख्यांना खुला व्हायचा. गाडी तपासून घ्या आणि दिवसभर गोल गोल फिरा. समोरून कोणी येत नाही अशा रस्त्यावर एकदा तरी गाडी चालवायची, एवढंच त्यांचं मागणं. तसं बघितलं तर काही फार नाही. पण माणसाचं वाटोळं व्हायला तेवढंही पुरतं.

आता पॅकिंगप्रमुख म्हणजे कोण, तर काचसामानाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं खोकी भरणाऱ्या विभागाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालून गेलेला एक पेला आजवर फुटला नव्हता. नीट बांधलेली वस्तू फुटत नाही, यावर त्यांची जितकी श्रद्धा होती तितकी दुसऱ्या कशावर नव्हती. ट्रॅकला तीन आठवडे होते आणि हातात गाडी होती. गप्प बसवेल कसं?

पहिला सल्ला मेहुण्याचा. तो ट्रॅकवर नियमित जायचा आणि नियमित पडायचा, त्यामुळे या विषयातला जाणकार. त्याने दोन जाड काळे गोळे आणून टेबलावर ठेवले.

"स्लायडर आहेत, दाजी. इंजिनच्या दोन्ही बाजूंना बसवायचे. गाडी आडवी झाली की आधी हे जमिनीला घासतात. गाडीचं अंग वाचतं."

"बसवायचे कसे?"

"सोपं आहे. बाजूच्या प्लास्टिकला एक भोक पाडायचं, आत बोल्ट असतो."

"भोक," पॅकिंगप्रमुख म्हणाले. "नव्या गाडीला."

"ओरखडा पडू नये म्हणून, दाजी."

यातली गंमत पॅकिंगप्रमुखांच्या तेव्हाच लक्षात यायला हवी होती. पण त्यांच्या डोक्यात ओरखडा होता आणि भोक हा ओरखडा नव्हे. बायको ड्यूटीवर असताना त्यांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. सवयीप्रमाणे आधी पुठ्ठ्याचा साचा केला. उजव्या बाजूवर मापून घेतला, तीनदा तपासला, भोक पाडलं. बोल्ट बरोब्बर समोर. असं सुबक भोक आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग तोच साचा उलटा करून त्यांनी डावीकडे लावला, कारण खोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. मोटरसायकलीच्या नसतात. डावीकडचा बोल्ट तीन बोटं खाली निघाला.

आता डावीकडे दोन भोकं झाली. एक कामाचं आणि एक नुसतंच.

त्या नुसत्या भोकावर पट्टी लावणं भाग होतं. पण लाल गाडीवर एकच पट्टी म्हणजे 'इथे बघा' असं लिहिल्यासारखं. तेव्हा दोन्ही बाजूंना लावली. मग वाटलं, लावतोच आहोत तर खाली फोमची पट्टी का नको? टाकीवर बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद आला, कोपऱ्यांना खोक्यांचे कोपरे आले, आणि सगळ्यावर कारखान्यातली चिकटपट्टी. ही पट्टी त्यांनी स्वतः निवडलेली. प्रवासात कितीही आपटा, सुटत नाही. पुढचा दिवा तेवढा उघडा ठेवला, कारण दिव्याने दिसायला हवं.

बायको ड्यूटीवरून आली, ती गाडीभोवती एक चक्कर मारून थांबली.

"कुठे पाठवताय ही?"

"सांभाळतोय."

"'ही बाजू वर' असा बाण काढायचा राहिलाय," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

रविवारी सकाळी मेहुण्याने गाडी टेम्पोत चढवताना एक अक्षर काढलं नाही. इतका सभ्य तो एरवी नव्हता. ट्रॅकवर तपासणीची रांग होती, ती उन्हात दोन तास सरकत होती. तपासनीस म्हणजे चष्मा कपाळावर सरकवलेले एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी गाडीला बोटाने दाबून बघितलं. बोट आत गेलं.

"हे काय?"

"संरक्षण," पॅकिंगप्रमुख म्हणाले.

"काढा. फोमचा तुकडा सुटून ट्रॅकवर पडला तर मागचा त्याच्यावरून घसरेल. स्लायडर चालतील. बाकी सगळं काढा."

"सगळं?"

"सगळं. आणि या पुढच्या दिव्याला पट्टी लावा. काच फुटून ट्रॅकवर पसरते."

जिथे पट्टी नव्हती तेवढ्याच जागी ती हवी होती. पॅकिंगप्रमुखांना क्षणभर सगळं सोडून संन्यास घ्यावासा वाटला. पण रांगेत मागे तीसजण उभे होते.

उन्हात तापलेली पट्टी सुटेना. एकोणीस वर्षांत त्यांनी या पट्टीची कीर्ती गायली होती, आज ती खरी ठरत होती. जोर लावला तेव्हा पट्टी आली, तिच्याबरोबर गाडीवरचं कंपनीचं नाव आलं, आणि नावाच्या मागोमाग हाताच्या पंजाएवढा लाल रंग आला. मेहुणा म्हणाला, "दाजी, हळू." त्यांनी हळू घेण्यासाठी खिशातला कटर काढला. खोकं फोडायचा हात त्यांना चांगला बसलेला होता. एका सफाईदार झटक्यात त्यांनी टाकीवरचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडला. कागदाखाली पुठ्ठा नसतो, टाकी असते, हे त्यांना कर्र असा आवाज आल्यावर आठवलं.

"पास," तपासनीस म्हणाले आणि टाकीवर एक हिरवं स्टिकर चिकटवलं. ते नेमकं ओरखड्याच्या सुरुवातीला बसलं, जणू ओरखडाही तपासून झाला होता.

मग पॅकिंगप्रमुखांनी दिवसभर गाडी चालवली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आलोच आहोत तर, एवढंच. ते सगळ्यांत मागे होते. शिकवणारा म्हणाला, "तुम्ही वळणावर गाडी झुकवत नाही, तिची समजूत काढता." त्या दिवशी पाचजण पडले, त्यात मेहुणाही होता, वाळूत सपशेल. पॅकिंगप्रमुख पडले नाहीत. साधे डगमगलेही नाहीत.

दुपारी चहाच्या टपरीपाशी, मेहुणा सोडून, पडलेले बाकीचे चौघे त्यांच्या गाडीभोवती जमले.

"कुठल्या वळणावर?" एकाने हळूच विचारलं.

"पडलो नाही मी."

"होतं असं. सुरुवातीला आठवत नाही," तो म्हणाला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

मेहुण्याच्या गाडीचा एक लिव्हर वाकला होता. बाकी स्लायडरने वाचवलं होतं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बायको उभीच होती. तिने गाडीकडे एकदा बघितलं आणि मग गाडी सोडून नवऱ्याकडे वळली.

"हात वर करा. कोपर दाखवा. गुडघा वाकवा. दुखतं?"

"नाही."

"कुठे पडलात?"

"नाही पडलो."

"अहो, मला सगळे हेच सांगतात. प्लास्टर घालताना पण सांगतात."

तिने भावाला फोन लावला. त्याचं उत्तर पार्किंगभर ऐकू आलं. "ताई, दाजी पडणं शक्यच नाही. त्या वेगाला माणूस पडत नाही, फार तर उतरतो."

पॅकिंगप्रमुखांच्या मनात आलं, पडलो म्हणून सांगावं. त्यात निदान इभ्रत होती. पण पडलो म्हटलं तरी गाडी जाणार आणि नाही म्हटलं तरी ओरखडा दिसतोच आहे. मग ते पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. साचा, दुसरं भोक, ते झाकायला पट्टी, पट्टी काढायला कटर. "विक तू ती," ते शेवटी म्हणाले. "माझी लायकी नाही."

बायकोने बोट लावून एकेक जागा विचारली, वॉर्डात विचारावी तशी.

"ही भोकं?"

"इथेच पाडली. पार्किंगमध्ये."

"रंग गेला तो?"

"ट्रॅकवर. पण तपासणीच्या रांगेत, गाडी बंद असताना."

"आणि चालवताना काय काय झालं?"

पॅकिंगप्रमुखांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काही नाही," ते म्हणाले.

तिने भोकं पाडलेलं ड्रिल कोपऱ्यातून उचललं, त्यांच्या खिशातला कटर काढून घेतला, चिकटपट्टीचे उरलेले चार रोल मनगटात अडकवले.

"पुढच्या महिन्यात परत जा," ती म्हणाली. "आणि जमलं तर दर महिन्याला जा. तुम्ही हिच्यावर बसलेले असता तेवढा वेळच ही सुखरूप असते."