बारीक हाड कोणत्या बाजूला

माणूस उभा असतो तो गुडघ्याखालच्या भागावर. कपाळ, छाती आणि मान यांनी आजवर बरेच सत्कार स्वीकारले, पण त्यांना सत्काराच्या जागी नेऊन उभे करण्याचे काम नडगी, पोटरी आणि घोटा यांनीच केले. असे असूनही, टेबलाच्या कोपऱ्यावर नडगी आपटेपर्यंत या भागाची विचारपूस कोणी करत नाही. (चूकभूल द्यावी घ्यावी. माझे शरीरशास्त्राचे ज्ञान पुस्तकांना कव्हरे घालता घालता मिळवलेले आहे.)

गुडघ्याखाली दोन हाडे असतात, एक जाड आणि एक बारीक. जाड हाड आतल्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला असते आणि वजन उचलते. बारीक हाड बाहेरच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूला असते आणि त्याला सोबत करते. निदान आमच्या विद्यालयाबाहेर सर्वत्र अशीच पद्धत आहे.

आमचे विद्यालय म्हणजे मोडलेले हात-पाय बांधण्याचे आणि माणसाला पुन्हा चालते करण्याचे शिक्षण देणारी संस्था. मी तिथे ग्रंथपाल होतो. संस्थेचे भूषण म्हणजे तळमजल्यावरच्या काचेच्या कपाटातला पाय: गुडघ्यापासून खाली, खऱ्या हाडांचा, तारेने बांधलेला. एकदा भिंतींना रंग देताना तो खाली पडला आणि त्याची हाडे सुटी झाली. विभागप्रमुख रजेवर होते, म्हणून सुताराला बोलावले. सुतार चोख माणूस. त्याने हाडे पुसली, नवी तार घातली, पाय जागेवर ठेवला. बारीक हाड बाहेर ठेवले की कपाटाचे दार लागेना, म्हणून ते त्याने आतल्या बाजूला बांधले. ते दार आजही कुरकुर न करता लागते.

विभागप्रमुख रजेवरून परतले. त्यांनी पायाकडे पाहिले, मग दार उघडून लावून पाहिले. "छान बसलंय," ते म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे बारीक हाड आतल्या बाजूला शिकवले जाऊ लागले.

पुस्तके नव्हती का, असे कोणी विचारील. होती. माझ्याच ताब्यात होती. पण पुस्तकातले चित्र समोरून काढले आहे की मागून, हे चित्रकाराखेरीज कोण सांगणार, हा विभागप्रमुखांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. शिवाय पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात. कपाटाची निघत नाही.

मग रुग्णांचे काय? त्यांचे काही बिघडले नाही. प्लास्टर गोल असते. बांधणाऱ्याचे मत काहीही असो, ते सगळ्या बाजूंनी सारखेच पोचते. इतकी सहनशील वस्तू शास्त्रात दुसरी नसावी.

असे सगळे सुरळीत चालले असताना माझी पुतणी तिथे शिकायला आली. मुलगी हुशार, पण सांगितलेली गोष्ट चाचपून बघण्याची खोड. तोंडी परीक्षेत बारीक हाड कुठे असते असे विचारले, तेव्हा तिने वाकून स्वतःच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बाहेरच्या बाजूला." नापास. दुसऱ्या वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच निकाल. तिसरी संधी शेवटची होती. पास झाली तर विद्यालयाच्याच रुग्णालयात, प्लास्टरच्या खोलीत नोकरी ठरलेली. नाही झाली, तर घरी परत. आणि घरी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य केव्हापासून तयार ठेवले होते.

तिने तक्रार केली. विद्यालय न्यायप्रिय असल्याने समिती नेमली गेली. अध्यक्ष विभागप्रमुख, कारण विषय त्यांचा. एक सदस्य भांडारप्रमुख, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. दुसरा सदस्य मी, कारण मला कोणाशी असहमत होताना कोणी पाहिले नव्हते. (मी काका असल्यामुळे पक्षपात करीन अशी शंका निघाली होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती मागे घेण्यात आली.)

पुतणीने पुरावा म्हणून स्वतःचा पाय सादर केला. तो नाकारण्यात आला, कारण त्या पायाचा निकालात थेट हितसंबंध होता. मग कारकून, पहारेकरी, शिक्षक आणि पंखा दुरुस्त करायला आलेला एक मनुष्य, अशांचे पाय तपासले. शंभर टक्के पायांत बारीक हाड बाहेरच्या बाजूला आढळले. यावर समितीने जो निष्कर्ष काढला, त्यातली भाषा मला फार आवडली: "सदर दोष सर्वत्र आढळतो. तथापि, केवळ सर्वत्र आढळतो म्हणून दोषालाच नियम मानल्यास शिस्त राहणार नाही. शिवाय जिवंत पाय हलतो, त्यामुळे तो प्रमाण धरता येत नाही." ठराव एकमताने मंजूर झाला. (टेबलाखाली माझेही बारीक हाड बाहेरच लागले. पण माझे पाय नमुन्याबरहुकूम आहेत असा माझा दावा कधीच नव्हता.)

त्या संध्याकाळी पुतणी आमच्या स्वयंपाकघरात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"अगं, ते म्हणतात तिथे दाखव आणि मोकळी हो," माझी बायको म्हणाली. "हाड काही तुझ्यावर रुसायचं नाही."

"आणि उद्या कुणी पाय मोडून आलं, काकू?"

"तेव्हा असेल तिथे बघ. तेव्हा काय ते सर येणारेत बघायला?"

"काका, तुम्ही सांगा ना."

मी म्हणालो, "मला वाटतं, दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा."

"काका, हाड आहे ते. वादविवाद स्पर्धा नाही."

"त्यांना कशाला विचारतेस?" बायको म्हणाली. "चहात साखर घालू का विचारलं तरी आधी प्रस्तावना वाचतात."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विभागप्रमुख नुकत्याच पुसलेल्या जिन्यावरून घसरले. त्यांना उचलून प्लास्टरच्या खोलीत नेले. तिथे त्यांचा सर्वांत लाडका विद्यार्थी होता. त्याने शिकवल्याप्रमाणे बारीक हाड शोधायला पायाची आतली बाजू दाबून पाहिली, आणि तिथे काहीच मोडलेले नाही म्हणून सरांना उठून चालायला सांगितले. सर उठले. त्यानंतरचा आवाज मला वरच्या मजल्यावर ग्रंथालयात ऐकू आला.

"ती कुठंय?" ते ओरडले. "ती... बाहेरवाली!"

पुतणीला बोलावून आणले. सरांनी बाकीच्यांना घालवले आणि तिला दार लावायला सांगितले. पुढचे तिनेच आम्हाला घरी सांगितले, आणि सांगता सांगता कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"सर, कुठं दुखतंय?"

"दिसत नाही का? इथं." बोट घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूला.

"पण सर, तिथं तर काही नसतं."

"आगाऊपणा पुरे. बारीक हाड गेलंय. नीट बांध."

तिने नीट बांधले. बायको म्हणाली, "झालीस तू पास. दुसऱ्याच्या हाडावरून कुणी शिकत नाही. स्वतःचं मोडलं की बरोबर कळतं." मलाही तसेच वाटले, म्हणजे तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडे होते. विभागप्रमुख खुर्चीत, त्यांचा प्लास्टरमधला पाय समोरच्या स्टुलावर, आणि कपाटातला पाय टेबलावर. दोन्ही पाय शेजारी शेजारी फार विद्वान दिसत होते.

"बारीक हाड कोणत्या बाजूला?"

पुतणीने प्लास्टरकडे पाहिले. सरांनीही पाहिले, मग टेबलावरचे फडके ओढून त्यावर पसरले.

"सर, तुमचं—"

"माझा पाय अभ्यासक्रमात नाही," ते शांतपणे म्हणाले. "नीट विचार कर, बाळ. शेवटची संधी आहे. मला तुला नापास करायला आवडत नाही."

खरेच आवडत नसावे. आवाज अगदी मायेचा होता.

तिने फडक्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या पायाकडे. बाहेर मी उठून उभा राहिलो, आत जावे असे मला वाटले, आणि पोटऱ्या भरून आल्यामुळे मी पुन्हा बसलो.

"आतल्या बाजूला," ती म्हणाली.

"शाब्बास!" सर इतके खूश झाले की त्यांचा पाय स्टुलावरून निसटला, आणि तिनेच पुढे होऊन तो उचलून ठेवला. बाहेरच्या बाजूने, जपून.

आता ती प्लास्टरच्या खोलीत कामाला आहे. तिचा हात चांगला आहे. तिने बांधलेली माणसे चालू लागतात. भावाला त्याचे वाक्य वापरता आले नाही. सर काठी टेकत वर्गात येतात आणि तिचे उदाहरण देतात: अडेल मुलगीसुद्धा मेहनत घेतली तर कशी सुधारते. संस्थेबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

हे वाचता वाचता आपलाही हात एव्हाना खाली जाऊन आला असेल. संकोच नको, सगळ्यांचाच जातो. हाड जिथे असते तिथेच लागले असणार. आता हात वर घ्या, आणि उद्या कामावर वरिष्ठांनी हाच प्रश्न विचारला तर काय सांगाल, ते मनातल्या मनात म्हणून पाहा.

मोठ्याने म्हणायची गरज नाही. आपण पास आहात.