पाळण्याच्या रांगेतले दस्तगीरभाई

कचेरीत, दुकानात किंवा हॉटेलात मनासारखी वागणूक मिळाली नाही, तर दस्तगीरभाई भांडत नसत. ते समोरच्याला शांतपणे आनंदमेळ्याचा रस्ता दाखवत.

पोस्टातल्या कारकुनाने त्यांच्या तोंडावर खिडकी लावली, तेव्हा मी मागेच उभा होतो. भाईंनी काचेवर टकटक केली आणि म्हणाले, “पावणं, एकदा पाळणंवाल्याकडं जाऊन या. त्यो असं करत न्हाई.” कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. मेळा यायला अजून चार महिने होते.

भाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान चालवायचे. हात सोन्याचा, पण जिभेवर कायम ‘उद्या’. माझे दोन टेरिकॉटचे शर्ट दिवाळीला शिवायला टाकले, ते संक्रांतीला मिळाले. एका नवरदेवाला तर थोरल्या भावाचा कोट घालून बोहल्यावर उभं राहावं लागलं होतं.

मग त्यांची बायको वारली. मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला, पाळी सांभाळून महिन्यातून एकदा यायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर मैदानावर मेळा लागला आणि भाई रोज संध्याकाळी दुकान बंद करून तिकडे जाऊ लागले. मोठ्या पाळण्यापाशी उभे राहायचे, बघायचे आणि पाळणेवाल्याला प्रश्न विचारायचे. मेळा उठला तसं दुकान बदलायला लागलं.

त्यांनी पहिल्यांदा शिलाई मशीन आतल्या अंधारातून काढून रस्त्याकडे तोंड करून मांडलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले की पाळण्याला अर्धा अर्धा तास रांग असते, तरी कुणी कावत नाही, कारण पाळणा डोळ्यांसमोर फिरत असतो. “गिऱ्हाइकाला आपलं कापड दिसाय पायजे की. कापड आत गेलं की त्याच्या पोटात गोळा येतोय.”

दुसरी गोष्ट म्हणजे ते खरी तारीख सांगू लागले. अजून तीन फेऱ्या थांबा, असं पाळणेवाला सांगतो आणि तिसऱ्या फेरीनंतर खरंच बसवतो, हे त्यांना फार मोठं वाटलं होतं. पहिले काही महिने गिऱ्हाइकांचा विश्वासच बसेना. लोक सवयीने आठवडाभर उशिरा यायचे आणि तयार कपडे बघून चपापायचे.

सगळंच काही जमलं नाही. मेळेवाल्यांकडून त्यांनी एक हसवणारा आरसा आणला आणि बाकड्यासमोर टांगला. ताटकळणारा माणूस हसला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. पण कबनूरचा एक तरुण नवा सफारी घालून नेमका त्याच आरशापुढे उभा राहिला. स्वतःचा भोपळा झालेला बघून तो सूट न्यायला तयार होईना. भाई खरा आरसा घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होते. तेवढ्यात त्याच्या बुटक्या बापाला हसवणाऱ्या आरशात लांबून आपण उंच दिसलो आणि त्याने स्वतःसाठी तसाच सफारी शिवायला टाकला. दुसऱ्या दिवशी आरशावर पडदा आला.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी मी शिकवतो त्या शाळेतून परतताना सहज मेळ्यात डोकावलो. भाई पाळण्याच्या रांगेत उभे होते, पुढच्या बाईशी गप्पा मारत. त्यांचा नंबर आला, तेव्हा ते बाजूला झाले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला राहवेना. जाऊन विचारलं, बसत का नाही?

“एकट्यानं वर जाऊन काय करू, गुरुजी? रांगंत बोलाय माणसं तरी असत्यात.”

मी त्यांचा हात धरला आणि नंबर आल्यावर दोघंही पाळण्यात बसलो. खालची माणसं उतरवायला पाळणा थांबला, तेव्हा आम्ही अगदी वर होतो. वहिनींना का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती म्हणतेय खरी, पण सहामाहीचे पेपर तपासायचेत, पुढच्या आठवड्यात आणीन.

 भाई समोरच्या दांडीकडे बघत म्हणाले, “आमच्या घरातलीला ह्यात बसायचं हुतं. लई वर्सं म्हणत हुती. मी तिला न्हाई असं कधी म्हटलं न्हाई. लग्नसराईचं काम हाय, पुढल्या साली जाऊ, म्हणायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, तसंच.”

 पाळणा खाली आला. भाईंनी उतरून टोपी सारखी केली.

“पेपर कुठं पळून जात न्हाईत. वैनींस्नी आत्ताच घेऊन या. मी रांगंत जागा धरतो.”

मी हसून टाळायला बघितलं, पण ते रांगेत जाऊन उभेसुद्धा राहिले होते. घर दहा मिनिटांवर. बायको तांदूळ निवडत होती. मेळ्याला चल म्हटल्यावर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग ताट तसंच ठेवून लुगडं बदलायला आत पळाली.

आम्ही परतलो, तेव्हा भाई रांगेत सगळ्यांत पुढे पोचले होते. पाळणेवाला दांडी धरून उभा होता आणि भाई मागच्यांना एकेक करून वाट देत होते. “तुम्ही व्हा म्होरं,” ते सांगत होते, “माझी माणसं येत्यात.”